तिसरी पुकार

आमच्या मंडळीत लग्नाआधी तीन रविवार पुकार होते. भक्ती संपत आली की पाळक एक कागद उघडतात, मुलाचं आणि मुलीचं नाव वाचतात आणि विचारतात, या लग्नाला कोणाची हरकत असेल तर त्याने आत्ताच सांगावं. मग ते थोडं थांबतात. सहसा कोणी उभं राहत नाही. लोक पंख्याकडे पाहतात, एखादं पोर आईला काहीतरी विचारतं, पाळक कागदाची घडी करतात आणि पुढचं गीत सुरू होतं.

माझ्या वेळी एक माणूस उभा राहिला होता.

तीस-बत्तीस वर्षं झाली. दर्यापूरचं चर्च, माझं पहिलं ठरलेलं लग्न, तिसरी पुकार. उभा राहणारा शाळामास्तर होता, मंडळीचा पंच होता, आणि त्याचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायचा. तो म्हणाला, "हा मुलगा पितो. मंगळवारी सकाळी बसस्टँडच्या नालीत पडला होता. मी स्वतः उचलून आणला." मुलीच्या बापाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मुलीने पाहिलंही नाही. संध्याकाळपर्यंत लग्न मोडलं होतं.

वाचणारा म्हणेल, मास्तर खरं बोलला, मग राग कसला? खरंच होतं ते. माझा राग त्या खऱ्यावर नाही. मंगळवारी त्याने मला उचललं, आपल्या घरी नेलं, विहिरीच्या पाण्याने तोंड धुवायला लावलं, चहा पाजला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "जाय आता. झालं गेलं. देवानं माफ केलं, मीबी केलं." मी त्याच्या ओट्यावर बसून रडलो होतो. बुधवार ते शनिवार थेंब घेतला नाही. आणि रविवारी तो उभा राहिला. माझ्या धंद्यात शब्द दिला की माल समोरच्याचा झाला, मागून कोणी दुप्पट भाव देवो. शब्द फिरवणाऱ्याच्या दारात मी पुन्हा जात नाही. मास्तरच्याही गेलो नाही. तो मेला की जिवंत आहे हेही कोणाला विचारलं नाही.

मी दर्यापूर सोडलं आणि अमरावतीला आलो. धंदा जुन्या दारं-खिडक्यांचा. कुठे जुनं घर पाडायला काढलं की मी तिथे आधी पोचतो. रंगाच्या पाच थरांखाली सागवान आहे की साधं लाकूड, हे मी नखाने सांगतो. चौकटी, झरोके, लोखंडी गज, पितळी कड्या, सगळं उतरवायचं, वलगाव रोडच्या गोदामात आणायचं, घासायचं आणि नवं घर बांधणाऱ्याला विकायचं. सुरुवात एका भाड्याच्या हातगाडीवर झाली. आज राजापेठेत स्वतःचं घर आहे. कोणी हात धरून वर आणलं नाही. भाव करताना मी ओरडतो, उठून चालता होतो, रस्त्यापर्यंत जाऊन परत येतो. लोक मला तापट म्हणतात. म्हणोत. तापट माणसाला कोणी सडकी चौकट चांगली म्हणून विकायला जात नाही.

दारू मात्र अमरावतीतही सोबत आली. लग्न झालं, मुलगी झाली, तरी होती. किती वेळा सोडली ते बायकोला विचारा, मला तेवढं आठवत नाही. प्रत्येक वेळी मी देवाशी सौदा करायचो. हा माल निघू दे, मी सोडतो. पोरीचा ताप उतरू दे, मी सोडतो. त्याने त्याचा भाग पुष्कळदा पाळला, मी एकदाही नाही. मग एका दुपारी गोदामात मी एका दाराची बिजागरी काढत होतो आणि स्क्रू-ड्रायव्हर खाचेत बसेना. हात इतका थरथरत होता. तिसऱ्यांदा घसरून तो डाव्या अंगठ्यात घुसला. मी तिथेच लाकडाच्या ढिगावर बसलो आणि म्हणालो, "मले नाई जमत." पुढे काही नाही. अमुक कर मग तमुक करतो, असं काही नाही. बिनशर्त केलेली माझी ती पहिली प्रार्थना असावी. त्या दिवशी मी प्यालो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. याला सतरा वर्षं झाली. यात माझी ताकद किती, हे कोणी विचारलं तर मी तो अंगठा दाखवतो.

बाटली सुटली. मास्तर सुटला नाही.

दर रविवारी सगळी मंडळी मिळून प्रभूची प्रार्थना म्हणते. तिच्यात क्षमेची एक ओळ आहे. जशी आम्ही इतरांना केली तशी तू आम्हाला कर, अशा अर्थाची. ती आली की मी तोंड मिटून घेत असे. लोकांना ती प्रार्थना वाटते. मला तो करारनामा वाटायचा, आणि जी अट मला पाळायची नाही तिच्याखाली मी सही करत नाही. शेजारच्याला कळायचंही नाही. पुढच्या ओळीला मी पुन्हा मोठ्याने सुरू व्हायचो.

आमची मुलगी राजापेठेतल्या एका शिकवणी वर्गात गणित शिकवते. गेल्या वर्षी तिने सांगितलं की अकोल्याचा एक मुलगा तिला पसंत आहे. आपल्याच समाजातला, रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करणारा. आम्ही बघायला गेलो. मुलाची आई विधवा, बोलायला मोकळी. मी चपला काढून आत पाऊल टाकलं तर समोर पलंगावर पाय पसरून एक म्हातारा बसला होता. केस गेलेले, दात गेलेले. पण "या, बसा" म्हणाला तेव्हा आवाज तोच. मुलाच्या आईचा बाप. मास्तर.

आमचा समाज लहान. वऱ्हाडात दोन घरं जोडायला गेलं की तिसऱ्या पिढीत कुठेतरी गाठ निघतेच. पण ही गाठ देवाने मुद्दाम मारली असं मला वाटलं, आणि रागही आला. म्हाताऱ्याने मला ओळखलं. त्याचा हात कपाच्या कानात अडकल्यासारखा थांबला. सगळी बोलणी मी पाठ त्याच्याकडे करून केली. परतताना बायको म्हणाली, "तुमी इतके गोड वागून राहिले तं मले भेव वाटते."

लग्न ठरलं. पहिली पुकार अमरावतीच्या आणि अकोल्याच्या, दोन्ही चर्चमध्ये झाली. त्याच आठवड्यात अकोल्याचा एक सुतार गोदामात आला. दोन चौकटी घेतल्या, घासाघीस संपली आणि जाता जाता म्हणाला, "शेठ, तो लॅबवाला पोरगा तुमचा जावई होनार म्हनते. चांगला आहे हो. आता तं एकदम सुधरला."

"आता म्हणजे?"

तो चपापला. "काही नाई. असंच."

"चौकट उतरव खाली," मी म्हणालो. "आता म्हणजे काय ते सांग, मग चढव."

त्याने सांगितलं. मुलगा पीत होता. दोन वर्षांपूर्वी चार महिने व्यसनमुक्ती केंद्रात होता.

घरी येऊन मी मुलीसमोर उभा राहिलो. ती वह्या तपासत होती. लाल पेन खाली न ठेवता म्हणाली, "मला माहीत आहे पप्पा. दुसऱ्या भेटीत त्यानंच सांगितलं. चहा यायच्या आधी."

"अन् मले?"

"आईनं सांगू दिलं नाही."

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "काहून सांगू? तुमची किती वर्षं गेली? मी उभी राहिली होती का पुकारीत?"

मी बाहेर पडलो. गाडी काढली, बडनेऱ्यापर्यंत गेलो, परत आलो. मुलाचा मला राग येत नव्हता, हे मी इथे स्वच्छ लिहितो. दोन वर्षं टिकला म्हणजे लाकूड बरं आहे. पण डोक्यात दुसरंच चालू होतं. तीस वर्षं मी रिकाम्या हाताने बसलो होतो आणि आता मास्तरला विकत घ्यावी लागेल अशी वस्तू कोणीतरी माझ्या हातात आणून ठेवली होती.

दुसरी पुकार झाली. तिसऱ्या पुकारीला दोन्ही घरांनी अकोल्यात जमायचं, भक्तीनंतर तिथेच चहा-नाश्ता, असं ठरलं होतं. त्याआधीच्या गुरुवारी मी बायकोला माल पाहायला जातो म्हणून सांगितलं आणि एसटीने अकोल्याला गेलो. गाडीत बसून राहवेना. मूर्तिजापूरला उतरून चहा घेतला, तोही अर्धा टाकला. मे महिना. अकोल्याच्या स्टँडवर उतरलो तेव्हा डांबर चपलेला चिकटत होतं.

मास्तर एकटाच होता. कूलरसमोर खुर्ची टाकून बसला होता. मला पाहून म्हणाला, "आला का. वाट पाहून राहिलो होतो."

"माही?"

"मंग कोनाची? त्या दिवशी पाठ करून बसला तवाच म्हनलं, हा एकटा येनार."

त्याने पाणी दिलं. मी घेतलं नाही. उभ्यानेच बोललो. "मास्तर, रविवारी तुमी उभं राहायचं. सगळ्या मंडळीसमोर माही माफी मागायची. जशी इज्जत काढली, तशीच परत द्यायची."

"अन् नाई राह्यलो तं?"

"तं मी उभा राहतो. तुमच्या नातवाचं सगळं सांगतो."

म्हाताऱ्याने कूलर बंद केला. एकदम शांत झालं. "पोरीले माहीत हाय ना?"

"हाय."

"मंग सांगशीन कोनाले?"

"गावाले. तुमी सांगतलं तसंच."

मी तयार होतो. आता तो रागावेल, शास्त्र काढेल, वयाची दुहाई देईल, मग मी ओरडेन, दारापर्यंत जाईन, तो हाक मारेल. सौद्याचा रस्ता मला पाठ आहे.

तो म्हणाला, "बरं. राहतो उभा."

पहिल्याच भावात सौदा पटला की व्यापाऱ्याला संशय येतो. आपण कमी मागितलं, नाहीतर मालात काहीतरी खोट आहे. मी म्हणालो, "नाव घेऊन म्हनायचं. माहं नाव."

"घेतो."

"चुकलो म्हनायचं. गैरसमज झाला, असं नाई चालनार."

"चुकलोच होतो. गैरसमज कायचा?"

मला आणखी राग आला. याच्याकडून काहीतरी ओरबाडून घेतल्याशिवाय मला जिंकल्यासारखं वाटेना. म्हणून मी शेवटची अट घातली. "अन् लोक उठून आपापली साक्ष सांगते, तवा नाई. पुकारीतच उभं राहायचं. पाळक हरकत विचारतीन, तवा. तुमी उभे राह्यले होते, त्याच टायमाले."

इथे तो पहिल्यांदा अडखळला. "अबे, त्या टायमाले उभं राह्यलं तं लोक काय समजतीन?"

"ते तुमचं तुमी पाहा."

"तुही पोरगी बसली राहीन तिथं."

"मास्तर, जमते का नाई तेवढं सांगा."

"जमते," तो म्हणाला. आणि गुडघ्यावर हात देऊन उठला, आत गेला, भांड्यांचा आवाज येऊ लागला. मी निघायला हवं होतं. निघालो नाही. तो दोन कप चहा घेऊन आला, अर्धा बशीत सांडलेला. बसता बसता म्हणाला, "एक सांगू का? त्या वेळी तुले पहिले सांगायले पाहिजे होतं. घरी येऊन. म्हनायचं होतं, पोरीच्या बापाले तूच सांग, नाई तं मले सांगा लागीन. शनिवारी तुह्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलो होतो. तिथून परत फिरलो."

"काहून?"

"तुह्या तोंडाकडे पाहून बोलायची हिंमत नव्हती. चर्चमध्ये तीनशे मानसं. त्याइच्यात उभं राहायची होती. लोकाले वाटलं मास्तर खंबीर. मले माहीत हाय मी काय होतो."

हे ऐकून माझं मन निवलं असं मी लिहिलं तर खोटं होईल. उलट मला वाटलं, याने हे तीस वर्षं स्वतःजवळ ठेवलं आणि आता फुकटात काढून टाकतोय. मी चहा तसाच ठेवून निघालो.

शुक्रवार गेला. शनिवारी गोदामात एक गिऱ्हाईक दोन फळ्यांच्या दाराचा भाव करत होतं आणि मी त्याने सांगितलं त्यावर हो म्हणून टाकलं. कामावरचा माणूस माझ्याकडे पाहायला लागला. तेव्हा मला कळलं की माझं डोकं कुठे आहे. मी लाकडाच्या ढिगावर बसलो आणि रविवारचं चित्र पहिल्यांदा नीट पाहिलं. पाळक हरकत विचारतात. मुलाचा सख्खा आजोबा उभा राहतो. तो तोंड उघडेपर्यंतच्या त्या वेळात माझी मुलगी काय समजेल? तो मुलगा काय समजेल, ज्याला वाटेल की आपलाच आजोबा आपलं सगळं मांडायला उठला? एकेकाळी तशाच बाकावर मी बसलो होतो. तो क्षण किती लांब असतो ते मला माहीत आहे. आणि तोच मी जास्तीचा मागून घेतला होता, वजनावर वर टाकलेल्या दोन मिरच्यांसारखा.

फोन करायचा होता. नंबर काढला. पण सौदा मोडायला आपण पहिले हललो तर समोरच्याला आपला कच्चेपणा कळतो, ही तीस वर्षांची सवय. म्हटलं, उद्या भक्तीआधी गाठून सांगू. चार शब्दांचं काम.

रविवारी आम्ही वेळेआधी पोचलो. मास्तर पुढून दुसऱ्या बाकावर, कडेला बसला होता. पांढरा शर्ट, वरचं बटण लावलेलं. माझ्यापासून दहा पावलं. मुलगी बायकांच्या बाजूला आईजवळ बसली. मी उठलो नाही. पहिलं गीत झालं, उठलो नाही. प्रार्थना, शास्त्रपाठ, उपदेश. पाळक कशावर बोलले ते मला एक अक्षर आठवत नाही. मी फक्त त्या म्हाताऱ्याची मान पाहत होतो आणि स्वतःला सांगत होतो, आता जातो, हे गीत झालं की जातो. एका माणसाजवळ जाऊन चार शब्द बोलायचे, तेवढी हिंमत माझ्यात नव्हती. गुरुवारी हेच दुसऱ्याच्या तोंडून ऐकून मी चहा टाकून आलो होतो.

पाळकांनी कागद उघडला. दोन्ही नावं वाचली. कोणाची हरकत असेल तर आत्ताच सांगावं, म्हणाले आणि थांबले.

मास्तरने पुढच्या बाकाची पाठ धरली आणि उठायला लागला. एका दमात उठता येईना. एक गुडघा, मग दुसरा. चर्चमध्ये कोणीतरी "अरे" म्हणालं. मुलगा तिसऱ्या बाकावर होता. त्याने आजोबाकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा असा उतरला की मला माझाच चेहरा दिसला. मुलीने दोन्ही हातांनी पदर धरला. ती मास्तरकडे पाहत नव्हती, त्या मुलाकडे पाहत होती.

"मास्तर?" पाळक गोंधळले. "तुमची हरकत आहे?"

"नाही!" मी उभा राहिलो होतो. बाजारात ओरडतो तसाच ओरडलो. "त्यायची काही हरकत नाही. माझीही नाही. कोणाचीच नाही. मास्तर, बसा."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. आता बसून घेतलं असतं तरी चाललं असतं. पण मास्तर उभाच होता, आणि तो उभा असेपर्यंत लोकांना मुलाबद्दल काहीतरी वाटतच राहणार होतं. म्हणून मी सांगितलं. लांबवलं नाही. म्हणालो, यांना मी उभं राहायला लावलं. माझ्या तरुणपणी यांनी दर्यापूरच्या चर्चमध्ये माझ्या लग्नाला हरकत घेतली होती. मी पीत होतो. ते खरं बोलले होते. त्याचा राग मी इतकी वर्षं ठेवला आणि आज त्याची भरपाई मागायला आलो, माझ्याच पोरीच्या पुकारीत. चूक माझी आहे.

एवढं बोलून मी बसलो. वाटलं संपलं.

मास्तर मात्र बसेना. पाळक म्हणाले, "मास्तर, झालं आता, बसा."

"कसं झालं? माहं राह्यलं ना अजून," तो म्हणाला. "मी कबूल केलं हाय. बोलू द्या लवकर, गुडघे दुखून राहिले."

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. मग दोघं-चौघं. मास्तरने माझं नाव घेतलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट, हजेरी घेतल्यासारखं. म्हणाला, "याले मी माफ केलं म्हनून सांगतलं अन् पाचव्या दिवशी चारचौघांत उघडं पाडलं. खरं सांगायचंच होतं तं पहिले याले सांगायचं होतं. मी भेलो. चुकलो." मग मुलाकडे वळून म्हणाला, "अन् तू काहून घाबरला बे? तुह्या लग्नाले मी कायले आडवा येऊ?" आणि बसला.

पाळकांनी रीतीप्रमाणे पुन्हा एकदा विचारलं. कोणी हललं नाही. कागदाची घडी झाली.

जे मागत होतो ते मिळालं. नावानिशी, सगळ्यांसमोर, त्याच जागी. मला मात्र खिसा कापल्यासारखं वाटत होतं. हातात धरायला काही उरलं नव्हतं.

बाहेर मांडवात पोहे आणि चहा होता. मुलीने मला माठाजवळ बाजूला घेतलं. तिचा आवाज वर्गात असतो तसा होता, खालचा आणि सरळ.

"तुम्ही त्यांना उभं राहायला सांगितलं. ते नाही म्हणाले असते तर?"

खोटं बोलायला वेळ होता. "मी उभा राह्यलो असतो," म्हणालो.

"त्याचं सांगायला?"

"हो."

तिने ग्लास भरला, प्याली नाही. "म्हणजे गुरुवारी माल पाहायला नाही, इथं आला होतात. तेव्हापासून माझं लग्न तुमच्या खिशात होतं."

"बेटा, मी शनिवारीच..."

"पप्पा, शनिवारचं नका सांगू." तिचे डोळे भरले आणि तिने ते तसेच राहू दिले. "मी तुमच्यावर खूप रागावली आहे. असा राग मला कधी आला नाही. अन् मी तुम्हाला माफ केलं आहे. दोन्ही आहे. राग जाईल तेव्हा जाईल. माफ मात्र आजच केलं."

"मंग आता मी काय करू?"

"काही नाही."

"काही तं सांग."

"काही नाही म्हटलं ना." आणि ती पोह्यांच्या टेबलाकडे निघून गेली. तिथे तो मुलगा एकटा उभा होता. तिने आपला ग्लास त्याच्या हातात दिला.

लग्नाला तेरा दिवस होते. ते तेरा दिवस मी घरात कसा वावरलो ते मला माहीत. मंडप मोठा करू का म्हटलं, ती नको म्हणाली. नवी दुचाकी घेऊन देतो म्हटलं, आहे ती चालते म्हणाली. जुना सागवानी पलंग स्वतः पॉलिश करून ठेवला, तो तिने घेतला, पण "छान झाला" एवढंच म्हणाली. मला कळत होतं मी काय करतोय. तिने जे बिनमोल दिलं त्याचा भाव मी शोधत होतो, कारण भाव न देता आणलेली वस्तू आपली आहे असं मला आयुष्यात कधी वाटलं नाही. गोदामातल्या त्या दुपारीही असंच होतं. नंतर किती वर्षं मी देवाला काही ना काही देऊन फेडायला बघत होतो. त्याने कधी पावती दिली नाही.

बायको म्हणाली, "बसा ना एका जागी. लेकीचं लग्न आहे का तुमची परीक्षा?"

मास्तरशी माझं त्यानंतर दोनदा बोलणं झालं, दोन्ही वेळा लग्नाच्या कामाचं. आमच्यात फार गोडवा आला असं नाही. दर्यापूरच्या ओट्यावरचा तो चहा आठवला की अजूनही छातीत काहीतरी पेटतं. मी ते देवाला सांगतो. उद्या पुन्हा सांगावं लागणार, हेही मला माहीत असतं. माफी ही मला एकदाच करायची गोष्ट वाटायची. माझ्यासारख्याला ती रोज करावी लागते, आणि रोज स्वतःच्या ताकदीने जमत नाही.

लग्न अमरावतीला, आमच्या चर्चमध्ये झालं. दाराशी मुलगी पांढऱ्या साडीत उभी होती. पेटी सुरू झाली. तिने माझ्या कोपरात हात घातला आणि आम्ही आत निघालो. दोन्ही बाजूंना माणसं. पुढच्या बाकावर मास्तर, पुन्हा वरचं बटण लावलेला. मी कोणाकडे न पाहता झपाझप चाललो होतो, जणू कोणी मागून हाक मारील.

निम्म्या वाटेवर तिने माझा हात मागे ओढला आणि ओठ न हलवता म्हणाली, "पप्पा, हळू. आपल्या मागं कोणी लागलं नाही."

मी चाल कमी केली.